नाव न घ्यायचं औषध

तिजेच्या आदल्या दिवशी दुपारी वारंगा फाट्याकडून जीप आली. तिच्यातून जिवनबाईचा भाऊ हरिचंद उतरला. हातात रिकामा प्लास्टिकचा कॅन होता. भाऊ बहिणीकडं सणाला येतो तो साडीचोळी घेऊन, नाहीतर निदान केळ्यांचा घड घेऊन. कॅन घेऊन कोण येतं?

पण कॅन घेऊन आलेला तो काही पहिला नव्हता. चार दिवसांपासून हेच चाललं होतं. हिंगोलीच्या एका पेपरानं पुजाचा फोटो छापला होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तांड्याच्या लेकीनं शोधलं लिव्हरच्या कॅन्सरवर औषध'. पुजा म्हणजे जिवनबाईची थोरली, नांदेडला विद्यापीठात वनस्पतींच्या अर्कावर संशोधन करणारी. तिनं त्या पेपरवाल्याला परोपरीनं सांगितलं होतं की बाबा रे, हे उंदरांवरचं काम आहे, औषध नाही. लिव्हरला कॅन्सर होऊ नये म्हणून या अर्काचा काही आधार होतो का, एवढंच मी बघतेय. पण मथळे करणाऱ्या माणसांचं आणि 'एवढंच' या शब्दाचं जन्मापासून वाकडं असतं. झालं, बाटल्या आणि कॅन घेऊन माणसं तांड्यावर यायला लागली. काही तर वसमतहून एसटीनं आली.

पेपरात झाडाचं नावही छापलं होतं. ते आपण इथं घ्यायचं नाही. ज्याला पाहिजे त्यानं पेपर धुंडाळावा. श्रावणात सोयाबीनच्या ओळीत वीतभर वाढणारं, आवळ्यासारख्या बारीक पानांचं, पानांखाली मोहरीएवढे मणी लटकवणारं ते तण. चंदाबाई, म्हणजे जिवनबाईची सासू आणि सगळ्या तांड्याची याडी, म्हणजे आई, आयुष्यभर त्याच झाडाचं काविळीचं औषध देत आली. आदल्या सांजेला झाडाला हळद-तांदूळ वाहून आवतण द्यायचं, दुसऱ्या दिवशी उठल्यापासून कोणाशी चकार शब्द न बोलता दिवस उगवायच्या आत ते मुळासकट उपटायचं, वाटून ताकात कालवून रोग्याला पाजायचं, आणि मगच तोंड उघडायचं. पैसा घ्यायचा नाही, आणि झाडाचं नाव कधी ओठावर आणायचं नाही. नाव घेतलं की हाताचा गुण गेला.

आता खरं सांगायचं तर ते झाड कोणतं हे तांड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निंदणाच्या बाया खुरपं चालवताना त्याच्या बाजूनं वळसा घालून जात. पण नाव कोणीच घेत नसे, आणि आपलं गुपित कोणाला माहीत नाही असं चंदाबाई बिनघोर समजत असे. तिचा तो समज सगळ्यांनी मिळून सांभाळला होता, म्हाताऱ्या माणसाचा चष्मा सांभाळावा तसा.

राहता राहिलं ते हे, की औषध पुढं कोणाला द्यायचं. रीत होती, सासूनं सुनेला द्यायचं. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, औषध घरात राहायला पाहिजे. जिवनबाई लग्न होऊन आली तेव्हा राज्यात युतीचं पहिलं सरकार होतं. पुढं किती सरकारं आली नि गेली, परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, चंदाबाईची पाठ वाकली, पण औषध काही जिवनबाईच्या ओटीत पडलं नाही. चंदाबाई कारण एकच सांगायची, "हिच्या तोंडाला दार न्हाई. झाड उपटताना झाडाशीच बोलंल ही."

त्यात खोटं काही नव्हतं. जिवनबाई चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, एसटीत शेजारी बसलेल्या बाईची सोयरीक उतरेपर्यंत जमवून द्यायची. सासूनं औषध पाजलं की रोग्यापाशी बसून पथ्यही तीच सांगायची. पण झाड माहीत असणं वेगळं आणि सासूनं आपल्या हातानं देणं वेगळं. ते मिळालं म्हणजे या घरची झाले, अशी जिवनबाईच्या मनात गाठ होती. लेकरं झाली, केस पिकले, तरी ती गाठ सुटली नव्हती.

आणि आज रीत मोडून, पेपरात फोटो आला म्हणून, ते औषध पुजाला जाणार होतं. सासरे धर्मसिंग सकाळीच दाढी करून, नवा फेटा बांधून ओट्यावर बसले होते. "समद्या तांड्यासमोर, तिजेच्या मुहूर्तावर, चंदाबाई नातीच्या हातात देईल," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवऱ्यानं, जगननं, मान डोलावली होती. जिवनबाईला कोणी विचारलं नव्हतं.

"विचारायचं काय त्यात?" धाकटी जाऊ दिपा चुरम्यासाठी गूळ फोडता फोडता म्हणाली. "तुला न्हाई, मला न्हाई. पोरीला गेलं म्हंजे घरातल्या घरात राहिलं. भांडणच मिटलं."

"मी कुठं भांडून राहिले?"

"तेच म्हणते. सकाळपासून तू गप हायेस. म्हैस बी तुझ्याकडं बघून राहिली, हिला झालं काय म्हणून."

जिवनबाईनं गरम रोट्या परातीत कुस्करल्या. हाताला चटके बसत होते, ते बरंच वाटत होतं. "माझीच पोर हाय, दिपा. तिला मिळालं तर मला आनंदच हाय."

"हाय ना?"

"हाय."

"मग रोट्यांवर काहून राग काढायली?" दिपानं गुळाचा खडा तोंडात टाकला. "एवढ्या बारीक झाल्या तर चुरमा नव्हे, पीठ होईल त्याचं."

जिवनबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं की बाईला पदर कुठं लावावा कळत नाही. बाहेर पोरी गव्हाच्या टोपल्यांना पाणी घालत गात होत्या, आणि त्यांच्यात पंचविशीची पुजा, चष्मा लावून, ओढणी खोचून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात होती. तीज हा बिनलग्नाच्या पोरींचा सण, आणि पुजाचं लग्न व्हायचं होतं म्हणून तिला अजून तिजेची टोपली होती. धर्मसिंग दर वर्षी म्हणायचे, ही शेवटची तीज. आणि पुजा दर वर्षी गहू पेरायची.

चुरम्याचा निवद झाला, माणसं जेवली, आणि दिवस कलता कलता सगळे लिंबाखाली जमले. धर्मसिंगांनी घसा खाकरला. ते बोलायला उभे राहणार, इतक्यात हरिचंद कॅन घेऊन मधे आला.

"बापू, तुमचं चालू द्या. पण आधी भाच्चीनं मला हे भरून द्यावं. माझी जीप खोळंबली."

जिवनबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं ते तेव्हा. वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. ट्रकचं टायर एकट्यानं उचलणारा हा भाऊ. आता दंड काटक्या झालेले, पोट तेवढं पुढं, डोळे पिवळट. ती उठून उभी राहिली.

"काय होऊन राहिलं तुला?"

"काय न्हाई, बाई. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, लिव्हर कडक होऊन राहिलंय. दारू सोड, न्हाईतर कॅन्सर होईल म्हणे." त्यानं हे असं सांगितलं जसं ट्यूबला दोन भोकं निघाली म्हणून गिऱ्हाइकाला सांगावं. "मी म्हटलं, होऊ द्या. आमच्या पुजानं औषध काढलंय."

पुजानं कपाळाला हात लावला. मग ती त्याच्यासमोर खाली बसली. "मामा, ऐका. ते औषध नाही. मी उंदरांचे पिंजरे केले होते. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना नुसतं साधं खाणं. दुसऱ्यातल्यांना एक जहर दिलं, ज्यानं लिव्हरमध्ये गाठी होतात. तिसऱ्यातल्यांना तेच जहर, पण त्याच्या आधीपासून रोज झाडाचा अर्क. तर त्या तिसऱ्या पिंजऱ्यात गाठी कमी झाल्या. कमी, मामा. बंद नाही. आणि झालेली गाठ त्यानं जाते असं तर मी कुठंच म्हटलं नाही."

हरिचंद विचारात पडला. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे जहर बी चालू होतं?"

"हो."

"अन् रस बी चालू होता?"

"हो, पण…"

"तरी गाठी कमी." त्यानं मांडीवर थाप मारली. "मग झालं तर. मी बी दोन्ही चालू ठेवतो. सकाळी रस, संध्याकाळी दारू. उंदराला जमतं ते मला काहून जमू नये?"

लिंबाखाली हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, हिशेब बराबर हाय. दुसऱ्यानं आपलीही बाटली पुढं सरकवली. पुजा चष्मा पुसत पुन्हा पुन्हा तेच सांगायला लागली, आणि जितकं सांगावं तितका हरिचंद खुलत होता. शिकलेल्या पोरीचं खरं त्याच्यापुढं पालथ्या घड्यावर पाणी होत होतं. जिवनबाईला मात्र त्याचे हसणारे पिवळे डोळे दिसत होते. आता औषध कोणाला जातंय हे ती साफ विसरली.

"पुजा," ती मधे म्हणाली, "त्या तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांचं पुढं काय झालं?"

"पुढं म्हणजे?"

"गाठी कमी झाल्या म्हणून तुला समजलं कसं?"

"लिव्हर काढूनच पाहावं लागतं, आई."

"म्हंजे त्यांना मारलं."

"…हो."

जिवनबाई भावाकडं वळली. "ऐकलं? ज्यांना रस पाजला त्यांचं बी काळीज काढून टेबलावर ठेवलं. तुला उंदीर व्हायचं ना, मग पुरता हो. अर्धा उंदीर होऊन कसं चालंल? चल, पुजाच्या लॅबमधी पिंजरा रिकामा हाय."

आता हशा पिकला तो हरिचंदवर. तोही हसला, पण अर्धवट. जिवनबाई थांबली नाही. एकदा सुटली की ती थांबतच नसे.

"अन् त्या उंदराला तरी कोणी विचारलं होतं का, बाबा, जहर घेतोस का म्हणून? त्याला कोंडून पाजलं. तुला कोणी कोंडलं? तू आपल्या पायानं चालत गुत्त्यावर जातोस, वर पैसे देतोस. उंदीर तुझ्यापेक्षा शहाणा, फुकटचं बी त्यानं मनानं घेतलं नसतं. लहानपणी तुला मी कडेवर घेऊन फिरले ते काय तुझी मयत बघायला? याडी औषध देते तेव्हा पहिलं काय सांगतो आपण? तेल बंद, तिखट बंद, दारू बंद. ज्यानं पथ्य पाळलं त्याला गुण आला. बाजारात भजे खाताना मी ज्याला धरलं त्याला न्हाई आला. इच्चार त्या जवळा बाजारच्या टेलरला, त्याच्या हातातला भज्याचा पुडा मी नालीत टाकला होता का न्हाई."

"टाकला होता," मागून कोणीतरी साक्ष दिली.

हरिचंदनं कॅन मांडीवर घेतला. तो खाली बघून बोलला, पण सगळं शांत झालं होतं म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं.

"भेव वाटून राहिलं, बाई. घरात हा भरलेला असला की झोप तरी लागंल, असं वाटलं."

जिवनबाई त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "सोमवारी पुजासंगं नांदेडला जायचं. रक्त दाखवायचं, डॉक्टर सांगंल ते करायचं. तोवर हितं राहायचं, माझ्या नजरेसमोर. मी बाकी काही मागत न्हाई."

"राहतो," हरिचंद म्हणाला.

धर्मसिंगांनी पुन्हा घसा खाकरला. त्यांचं भाषण अजून पोटातच होतं. "तर मंडळी, आज आमच्या घरचं औषध, चंदाबाईच्या हातून, आमच्या पुजाच्या…"

"पुजाला न्हाई," चंदाबाई म्हणाली.

म्हातारी खाटेवर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. इतका वेळ तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. धर्मसिंगांचा नवा फेटा जागच्या जागी थबकला.

"काहून?" जगननं विचारलं. "याडी, कालपर्यंत तू हो म्हणत होतीस."

"हो कुठं म्हटलं? तुमी बोलत होता, मी ऐकत होते." चंदाबाईनं नातीकडं बोट दाखवलं. "हिनं तर नाव छापून ठेवलं पेपरात, फोटोसकट. हिच्या हाताला कसा गुण येईल? लेक हाय, गुणाची हाय, चार बुकं जास्त शिकली. तिनं तिच्या उंदरांना द्यावं."

सगळ्यांच्या नजरा पुजाकडं गेल्या. आता ही रडते की चिडते. पण पुजा आजीच्या खाटेपाशी गेली आणि तिच्या पायावर डोकं टेकून हसायलाच लागली. "बरोबर आहे, दादी. मी तर परिषदेतही नाव घेतलंय, माईकवर."

"माईकवर," चंदाबाईनं जगनकडं पाहून मान हलवली. "बघा."

दिपानं जिवनबाईला कोपरानं ढोसलं. "आता रीतीनं द्या म्हणावं, थोरल्या सुनेला. मी बोलू का?" आणि उत्तराची वाट न बघता ती बोललीही, "याडी, मग जिवनबाईलाच द्या की. आमची काही हरकत न्हाई." जगननं बापाकडं बघितलं, बापानं फेट्याला हात लावला, आणि वारा कुठं वाहतोय ते ओळखून धर्मसिंग म्हणाले, "मी बी तेच म्हणणार होतो."

चंदाबाई काठी टेकत उठली, घरात गेली, आणि ओच्यात काहीतरी घेऊन बाहेर आली.

"जिवन, चल शेतात," ती म्हणाली.

दोघी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालल्या. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, पलीकडं हळदीचं हिरवंगार. वाटेत चंदाबाई तीनदा थांबली, दम खायला. जिवनबाईनं हात धरायला हात पुढं केला, तर तो तिनं झिडकारला नाही. तिनं तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धरू दिला.

"तू बोलतेस म्हणून दिलं न्हाई, असं समदे म्हणतात," चंदाबाई म्हणाली.

"तुमीच सांगता, याडी."

"सांगत होते." म्हातारी बांधावर बसली. "खोटं सांगत होते. दिलं की माझा हात रिकामा. मग माझ्याकडं कोण येईल? डोळ्याला धड दिसत न्हाई, भाकर थापता येत न्हाई. सकाळी दारात माणूस येतो, याडी म्हणून हाक मारतो, तेवढंच माझं उरलंय. ते बी तुला देऊन टाकू तर मी काय करू, खाटेवर पडून टकमक बघू?"

इतकी वर्षं जिवनबाईनं याचं कारण आपल्यात शोधलं होतं. आपलं माहेर गरीब म्हणून, आपला रंग सावळा म्हणून, आपली जीभ लांब म्हणून. आणि सासूचं भय तिच्या स्वतःच्या भावाच्या भयासारखंच निघालं, मुकं आणि साधं. राग यावा की रडू, हे तिला समजेना. तिनं म्हातारीच्या पायावरची माती पदरानं पुसली.

"राहू द्या मग, याडी. तुमच्याचकडं राहू द्या. मला घाई न्हाई."

"तुला घाई न्हाई, मला हाय. तुझा भाऊ बसलाय तिकडं." चंदाबाईनं ओच्यातून हळद लावलेले तांदूळ काढले आणि सुनेच्या ओटीत घातले. मग काठीनं सोयाबीनच्या ओळीत दाखवलं. "ते. दिसलं?"

"दिसलं," जिवनबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच पाहतेय अशा डोळ्यांनी तिनं त्या झाडाकडं पाहिलं. म्हातारीचा चष्मा शेवटपर्यंत सांभाळायला नको?

"नाव ठाऊक हाय?"

"न्हाई, याडी."

चंदाबाईनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तिच्या तोंडात दात नव्हते, पण हसू होतं. "लबाड," ती म्हणाली. "दे आवतण."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरात जो तमाशा झाला त्याला तोड नव्हती. जिवनबाईनं डोळे उघडले ते तोंड मिटून. जगननं दोनदा हाक मारली, मग आठवण होऊन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. दिपानं मुद्दाम विचारलं, चहात साखर किती? म्हशीनं हंबरून हंबरून जाब विचारला. पुजा तिच्या मागं धुऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली, कारण पुढं कोणी जायचं नसतं. अंधुक उजेडात जिवनबाई ओळीत वाकली. मुळं ओल्या मातीतून अलगद सुटून आली. तिच्या मनात झाडाला सांगायला केवढं तरी होतं, पण ओठ हलले नाहीत.

पाट्यावर वाटलं, ताकात कालवलं, वाटी घेऊन ती दारात आली. हरिचंद अंघोळ करून पाटावर बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. पुजानं रात्रीच त्याला बजावलं होतं की हे दादीचं आणि आईचं. सोमवारचा दवाखाना यानं सुटत नाही. त्यानं वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि एका दमात रिकामी केली. तोंड असं वेडंवाकडं केलं की तिजेच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघालेल्या पोरी हसू लागल्या.

आता बोलायला हरकत नव्हती. सगळं घर जिवनबाईच्या तोंडाकडं बघत होतं. सकाळपासूनचं तुंबलेलं आता कसं फुटतंय म्हणून दिपा तर पुढं सरकून बसली. जिवनबाईनं श्वास घेतला.

"तेल बंद," चंदाबाई म्हणाली.

म्हातारी काठी टेकत आली होती. दारात जिथं जिवनबाई एरवी पथ्य सांगायला रोग्यापाशी बसायची, तिथंच ती बसली, हरिचंदच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "तिखट बंद. आज समदे मटन खातील, तू ताकभात खायचा. वास आला तर नाक धरायचं. अन् दारूचं नाव काढलंस तर ही काठी पाहिली का? फाट्यावर येऊन मारीन. मला आता दुसरं काम न्हाई, मी रोज येऊ शकते. जीपवाल्याला भाडं बी देणार न्हाई. तुझ्या बापाला मी काविळीतून उठवलं होतं, त्यानं बी असंच केलं होतं, भजे खाल्ले होते लपून. कुठं चाललास? बस खाली. अजून कुठं झालं माझं."

ती बोलत राहिली. जन्मभराचं साठलेलं होतं, ते एवढ्यात कुठं संपतंय. धर्मसिंग ओट्यावरून कान टवकारून ऐकत होते. आपल्या बायकोला इतकं बोलता येतं हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

हरिचंदनं केविलवाणं तोंड करून बहिणीकडं पाहिलं.

"बाई, तू तरी काहीतरी बोल."

जिवनबाई रिकामी वाटी हातात धरून उभी होती. बोटांना झाडाचा कडू वास येत होता.

"याडी सांगून राहिली," ती म्हणाली, "ते ऐक."